सहा पोटुश्या मुश्या

उन्नतीनं खोक्याचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. रत्नागिरीहून बर्फात घालून, नागपूरजवळच्या कामठीतल्या एका मासळीच्या दुकानाच्या ट्रकनं हजार किलोमीटर आणवलेल्या तिच्या सहा पोटुश्या मुश्या... पोटं चिरून, धुऊन, चकाचक.

"हे कोणी केलं?"

"म्याच," त्या दुकानाचा तरुण मालक ऋषी हात पुसत कौतुकानं म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या मॅडम, घरी कुठं कापत बसान? गिऱ्हाईकाले आम्ही साफ करूनच देतो."

आता या माणसाला काय म्हणावं? मुशी, म्हणजे छोटा शार्क, पोटात पिल्लं वाढवते, अगदी नाळेवर. एकाच आईच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असतात का, हे जनुकांवरून शोधण्यात उन्नतीची चार वर्षं गेली होती. नागपुरात बसून समुद्रातल्या माशावर पीएच.डी. म्हणून नातेवाईक हसायचे ते वेगळंच. हे शेवटचे नमुने होते, प्रबंधाची मुदत तोंडावर आली होती. पिल्लं गेली, म्हणजे सगळं मुसळ केरात.

"काहून केलं तुम्ही? विचारायचं तरी होतं..." ती जी सुटली, ती पाच मिनिटं थांबलीच नाही. शेवटी दम लागून एका पालथ्या क्रेटवर बसली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिला आणखीच राग आला.

"पिल्लं आहेत ना," ऋषी हळूच म्हणाला.

त्यानं फ्रीजरमधून सहा पिशव्या काढल्या. प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि त्याच रंगाचा दोरा एकेका मुशीच्या शेपटीला.

"फेकवलं नाही. म्हटलं, लेकरं आपल्या मायपाशीच राहू द्या."

उन्नतीनं पिशव्या छातीशी धरल्या. "मग आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही बोलू कुठं देऊन राहिल्या होत्या? अन्... रागावल्या का तुमच्या नाकावर घाम येते. पाहतच राहिलो."

"यापुढे मला न विचारता काही करायचं नाही," ती लाल होत म्हणाली.

पण ऐकेल तर शपथ. प्रयोगशाळेतली वीज गेली, तर हा न विचारता बर्फाच्या लाद्या घेऊन हजर. ती जेवली नाही, तर न विचारता डबा. दर शनिवारी दारात उभा राहून, "लागले का मॅडम, बाप सापडायले?" उन्नती वैतागायची, आणि शनिवारी त्याला उशीर झाला की त्याहून जास्त वैतागायची.

दोन महिन्यांनी प्रबंध देऊन ती थेट कामठीला गेली.

"सापडले. पिवळ्या दोऱ्यावालीच्या पिल्लांचे दोन बाप निघाले."

"वा," ऋषी म्हणाला, आणि सवयीनं तिच्यासाठी सुरमई कापायला घेतली.

"न विचारता परत?"

त्यानं सुरी खाली ठेवली. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. "बरं, विचारतो... माह्याशी लग्न करान का?"

तिच्या नाकावर घाम आला.

"एवढं विचारायला दोन महिने लावले तुम्ही," उन्नती करवादली. "हो. अन् आता ती सुरमई नीट साफ करा, आईनं तुम्हाले जेवायला बोलावलंय."