पुसलेली फ्लॉपी

“चाळीस वर्षांपूर्वी माझ्या बाबांचं काम चोरलं, आणि आता उरलासुरला पुरावाही पुसला. कुठे फेडेल हे पाप मेला!”

बाई दारातूनच बोलत आत आल्या. शाळेत संगणक शिकवायच्या. आवाज वर्गातलाच होता. पोस्टमास्तरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. निवृत्त झाल्यापासून ते थोरल्या बहिणीकडे राहत आणि तिच्या खासगी तपासाच्या कामात हौसेने लुडबुड करत. बहिणीला सगळे ताईच म्हणत.

“आधी बसा,” ताई म्हणाली. “शिव्या नंतर. काय पुसलं?”

“फ्लॉपी.”

छोटे संगणक नुकते कुठे निघाले होते, तेव्हा बाईंच्या वडिलांनी एकट्याने एका यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. जिच्यावाचून यंत्र म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, ती. भागीदार मित्राने ती स्वतःच्या नावावर खपवली आणि तो ‘साहेब’ झाला. आता ते यंत्र संग्रहालयात होतं. त्याच्याखालच्या पाटीवर कोणाचं नाव घालायचं, ते आज चार वाजता ठरणार होतं. वडिलांकडे मूळ फ्लॉपी एकच उरली होती. ती चालवली की पडद्यावर त्यांचं नाव येई.

“बाबा अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांनी आठवडा सांगितलाय. नाव दिसलं, एवढं एकच त्यांना ऐकायचंय हो.”

“काल चालवून नाही पाहिली?”

“काल नुसती फाइलींची यादी वाचली. आधी नक्कल काढू, मगच चालवू, असं संग्रहालयाचा मेकॅनिक म्हणाला. दुसरी ड्राइव्ह आज सकाळपर्यंत दुरुस्त व्हायची होती. संध्याकाळी मी स्वतः फ्लॉपी सुरक्षित करून मेजावर ठेवली, आणि त्यानंतर दहा मिनिटं साहेब तिथे एकटा होता!”

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत यंत्र उघडं पडलं होतं. मेकॅनिक किडकिडीत, डोळे लाल झालेला माणूस. त्याने फ्लॉपी घातली. पडद्यावर एकच हिरवी ओळ आली: फाइली शून्य.

“सकाळी नऊला आलो, तर ही अशी.”

“चुंबक फिरवलं असेल कुणी,” पोस्टमास्तर म्हणाले.

“छे! मग यंत्राला काही वाचताच आलं नसतं. हिची आखणी ठाकठीक आहे, आत काही नाही इतकंच.”

“आणि नक्कल?” ताईने विचारलं.

“काढायला हातच लावला नाही.”

ताईने फ्लॉपी काढून घेतली. ताटलीएवढी होती ती. कडेच्या खाचेवर चंदेरी चिकटपट्टी होती, अगदी नवी. उजव्या ड्राइव्हमध्ये दुसरी, न वापरलेली फ्लॉपी बसवलेली. कळफलकाच्या वर लाल शाईत एक चिठ्ठी: ‘आधी कुठे न्यायचं ते, मग कुठून!’ उद्गारचिन्ह दोनदा गिरवलेलं.

“पत्रासारखंच की,” पोस्टमास्तर खूश झाले. “आधी पत्ता, मग पाठवणारा.”

कोपऱ्यात बाईंनी संग्रहालयाला दिलेलं खोकं होतं. त्यांच्या शाळकरी दिवसांतल्या छोट्या फ्लॉप्या, आणि प्रत्येकीच्या खाचेवर तशीच चंदेरी पट्टी. ताई त्या खोक्याजवळ जरा जास्तच वेळ उभी राहिली.

साहेब वरच्या दालनात एकटेच बसले होते.

“गेलो होतो काल. जुनं यंत्र बघावंसं वाटलं. कशाला हात लावला नाही.”

“फ्लॉपीच्या खाचेवर पट्टी आहे.”

“मग झालं! मोठ्या फ्लॉपीची खाच उघडी असली की यंत्र तिच्यावर लिहीत नाही. पट्टी लावली की लिहितं. छोटी नंतर आली, तिचं सगळंच उलटं. आमच्या वेळचं शेंबडं पोरही सांगेल.”

बाहेर येताच पोस्टमास्तरांनी टाळी दिली. “सापडला! आपल्याच तोंडानं बोलला!”

“बाळ्या, चोर आपणहून वाट दाखवतो का रे?” ताई म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता.

साडेतीनला तिने सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं.

“मेकॅनिक, नक्कल तुम्ही काढलीत. दुधाने तोंड पोळल्यावरच माणूस ताक फुंकतो. ही चिठ्ठी आज सकाळची आहे.”

मेकॅनिक स्टुलावर बसला. “नव्या यंत्रांवर आज्ञा देताना आधी मूळ लिहितात, मग नक्कल. हाताला तीच सवय. ह्याचं उलटं निघालं. नवी रिकामी फ्लॉपी ह्यांच्या फ्लॉपीवर उतरली. बोलायची हिंमत झाली नाही. पण ताई, काल मी खाच उघडी पाहिली होती! यंत्राने नकार द्यायला हवा होता!”

“म्हणजे पट्टी ह्याने लावली!” बाईंनी साहेबांकडे बोट केलं.

“साहेबांना फ्लॉपी नकोच असती, तर ती खिशात घालून नेली असती. मेकॅनिक उद्या चुकेल म्हणून कोण पट्टी लावून ठेवील?” ताई थांबली. शब्दाला अडखळलेली ताई पोस्टमास्तरांनी आजवर पाहिली नव्हती. “बाई, काल तुम्ही फ्लॉपी सुरक्षित केलीत, म्हणजे काय केलंत?”

“पट्टी लावली. लहानपणापासून तसंच... खाच झाकली की कुणाला पुसता येत नाही...”

“छोट्या फ्लॉपीवर. मोठीवर उघडी खाचच तिला राखत होती.”

बाई मटकन खाली बसल्या. “मी वाचवायला गेले होते हो!”

साहेब खाकरले. “म्हणजे मी सुटलो.”

“ह्यातून,” ताई म्हणाली. “जुन्याचं तुमचं तुम्हाला ठाऊक.”

“जुन्याला आता पुरावा काय?”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. स्पीकरवर म्हाताऱ्याचा धापा टाकणारा आवाज आला. “दिसलं का गं?”

बाईंनी फोन मांडीवर ठेवला. साहेबांनी वाकून फोन हातात घेतला.

“मी बोलतोय रे. दिसलं. तुझंच नाव आहे. सगळं तूच लिहिलं होतंस.”

पलीकडे म्हातारा रडत होता. “चाळीस वर्षं लावलीस, गाढवा,” तो म्हणाला, “पण बोललास एकदाचा.” आणि त्याने फोन ठेवला.

पोस्टमास्तरांनी बहिणीचा दंड धरला. “ताई, कबूल केलं! सगळ्यांनी ऐकलं!”

“काय ऐकलं? पडद्यावर नाव दिसलं, हे? ते धडधडीत खोटं आहे, आणि त्याचे साक्षीदार आपणच. बाकीचंही मरणाऱ्याचं मन राखायला बोललो, म्हणेल. म्हणून तर बोलला. आता सत्य बोलायला त्याचं काय जातंय?”

साहेबांनी फोन परत दिला, कोटाची बटणं लावली आणि दाराशी जाऊन ते रेंगाळले. कशासाठी, ते बाईंना कळलं. घरी बाबा हसत असतील, कित्येक वर्षांनी. त्या भिंतीला धरून उठल्या.

“थँक्यू, काका.”

साहेबांनी मायेने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते स्वतःच्या नावाच्या पाटीचा मजकूर सांगायला वर गेले.