दोर उजवीकडेच का पडला?

दुसरा दोरही उजवीकडे पडला.

पहिला सात पावलं उजवीकडे पडला होता, हा पाच. घळीच्या पलीकडच्या कपारीत बसलेल्या आईने हात लांब केला, पण दोर खडकावरून घसरला आणि खोल दरीत लोंबत राहिला. अलीकडच्या पठारावर उभ्या असलेल्या मंजूने गालाला लागणारा वारा पुन्हा जोखला. तो उजवीकडून डावीकडे वाहत होता. मग दोर डावीकडे जायला हवा होता. वाऱ्याच्या विरुद्ध तो गेलाच कसा?

"माझं गणित बरोबर आहे," खेकडा म्हणाला. "मी ते चार वेळा तपासलं."

"तुझं गणित बरोबर आणि दोर चूक, होय रे शहाण्या?" चिंधू आजोबा म्हणाले.

खेकडा म्हणजे गिधाड केंद्राचा सहा पायांचा यंत्रमानव. त्याच्या पाठीवर दोर फेकणारी एक आखूड तोफ होती. तिच्यात काडतूस (दारू भरलेली बंद डबी) घालायचं. दारू पेटली की क्षणात खूप गॅस तयार होतो आणि तो नळीतला बोथट गोळा पुढे ढकलतो. गोळ्याला बारीक दोर बांधलेला असतो. तो पलीकडे पोचला की त्याला जाड दोर बांधायचा, आणि जाड दोरावरून झोळी सोडायची.

झोळी आईसाठी हवी होती. मंजूची आई हिरा गिधाडांची मोजणी करायची. २०५८ सालच्या चैत्रातल्या त्या सकाळी ती घरट्यासमोर कॅमेरा बसवायला कपारीत उतरली. वरचा एक मोठा दगड निखळला आणि तिचा दोर आणि पाण्याची पिशवी घेऊन दरीत गेला. तिचा घोटा मोडला होता. वारा इतका होता की ड्रोन उडत नव्हता. बचाव पथक घळीला वळसा घालून यायचं होतं, म्हणजे संध्याकाळचे सहा. आता साडेअकरा झाले होते. बारानंतर त्या कपारीत ऊन शिरतं आणि काळा दगड तव्यासारखा तापतो.

काडतुसं तीन होती. दोन संपली.

"आजोबा, लवकर काहीतरी करा ना," मंजू म्हणाली. ती एका जागी उभी राहू शकत नव्हती. कड्यापर्यंत जायची, परत यायची.

"लवकर करून दोन घालवली बाई," आजोबा म्हणाले. त्यांनी तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात लेथवर काम केलं होतं. खेकड्याची तोफ त्यांचीच. दर शनिवारी ते तेलाच्या फडक्याने नळी आतून पुसून चकचकीत करायचे. आज मात्र त्यांचे हात टोपी काढत होते, पुन्हा घालत होते.

मंजू खेकड्याजवळ आली आणि थांबली. इथलं गवत वाळून कोळ झालेलं. ते पेटू नये म्हणून तिने स्वतः तोफेच्या दोन्ही बाजूंना पाणी शिंपडलं होतं. उजवीकडचं गवत अजून ओलं आणि उभं होतं. डावीकडचं मात्र आडवं झालं होतं, कोरडं, टोकाशी करपलेलं.

"आजोबा, इकडे एवढी आग गेली, आणि तिकडे काहीच नाही?"

आजोबा गुडघ्यावर बसले. तोफेच्या तोंडाशी वीतभर लांबीचं लोखंडी टोपण होतं. त्याच्या डाव्या बाजूला चार छिद्रं होती. उजव्या बाजूलाही चार असायला हवी होती, पण तिथे नुसती तांबूस माती होती.

मंजूने केसातली पिन काढून माती उकरली. आतून मातीचा छोटा मडक्यासारखा गोळा सुटला. तो फुटला तसे त्यातून तीन हिरव्या अळ्या बाहेर पडल्या.

"कुंभारीण," आजोबा हळू म्हणाले. कुंभारीण म्हणजे चिखलाची घरटी करणारी माशी. ती अंडं घालते आणि पिल्लाला खायला अळ्या कोंडून ठेवते. दाराच्या कुलपात, पंपाच्या नळीत, भोक दिसेल तिथे. "चार महिने खेकडा शेडमध्ये पडून होता. मी नळी आतून पुसली. बाहेरची भोकं बघितलीच नाहीत. हिरे, ऐकतेस का? तुझ्या बापाने घोळ घातलाय."

"म्हणजे रोजचंच," वायरलेसवर आईचा आवाज आला. आवाज कोरडा होता. "मंजूला बाजूला ठेव. ती कड्याशी जातेय सारखी, मला दिसतंय इथून."

मंजू दोन पावलं मागे सरकली. "पण भोकं बुजली तर दोर उजवीकडे का जाईल?"

"होडीतून काठावर उडी मारलीस की होडी कुठे जाते?"

"मागे."

"तसंच. गोळा आणि गॅस पुढे उडी मारतात, तोफ मागे जाते. याला प्रत्याघात म्हणायचं (गोळा सुटताना मागे बसणारा धक्का). खेकडा हलका आहे, तो उलथेल. म्हणून तोंडाशी हा ब्रेक असतो. गोळा सरळ पुढे जातो, पण त्याच्या मागचा गॅस या भोकांतून बाजूला वळतो. वळताना तो भोकाच्या पुढच्या भिंतीवर आदळतो आणि तिला पुढे ढकलतो. म्हणजे तोफ पुढे ओढली जाते. मागचा धक्का आणि पुढची ओढ, दोघांची थोडीफार वजाबाकी होते."

मंजूने डोळे मिटून चित्र मनात आणलं. "आणि गॅस दोन्ही बाजूंना सारखा गेला, तर डावं-उजवं काही होत नाही. पण आज तो फक्त डावीकडे गेला. मग तोफेचं तोंड…" तिने डोळे उघडले. "उजवीकडे ढकललं गेलं. होडीसारखं."

"गोळा टोपणातून सरकत असतानाच," आजोबा म्हणाले. "म्हणून तोही तिकडेच."

"मला माझं तोंड दिसत नाही," खेकडा म्हणाला. "माझा कॅमेरा मागे आहे. माझं गणित बरोबर होतं, याची कृपया नोंद घ्यावी."

"घेतली," मंजू म्हणाली. ती भराभरा पिनने बाकीची तीन छिद्रं उकरू लागली. पाऊण भाग झाला असेल, तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"बाबा, थांबा." आईचा आवाज एकदम खाली आला होता. "माझ्या डोक्यावर आग्या मोहोळ आहे. मघाच्या आवाजानंतर पोळ्यावर लाटा उठताहेत. माशा पंख उचलून हलवताहेत, इकडून तिकडे. अजून एक तसा धमाका झाला तर त्या उठतील. मला इथून पळता येणार नाही."

मंजूचा पिनवाला हात थांबला. पावणेबारा.

"ब्रेकने आवाज कमी होत नाही का?"

"उलट वाढतो. गॅस एकदम मोकळा होतो, तोही बाजूला, मागे." आजोबांनी खेकड्याच्या पाठीवरची पेटी उघडली. आत आणखी दोन टोपणं होती. पहिल्याला चिमट्यासारखे चार दात होते. "हे जाळ लपवायचं. बाहेर आलेला गॅस कडक तापलेला असतो. हवा मिळाली की पुन्हा पेटतो. चुलीतली लाकडं एकत्र असली की जाळ होतो, वेगळी ओढली की विझतो ना? हे दात गॅसला तसंच फाडून वेगळं करतात. तो चटकन निवतो. पण आवाज तेवढाच."

"आणि हे?" दुसरं टोपण जाड, लांब डब्यासारखं होतं.

"सायलेन्सर. कुकरचं वजन एकदम काढलं तर?"

"फस्सकन वाफ. आई ओरडते."

"आणि चमच्याने जरा जरा उचललं तर?"

"हळू हळू निघते."

"याच्या आत पोकळ खोल्या आहेत. गॅस एकीतून दुसरीत पसरतो, दाब उतरत जातो, थंड होतो, मग बाहेर. धक्का थोडा कमी, जाळही जवळजवळ नाही. आवाज पूर्ण जात नाही हं, तसं समजू नकोस. पण धमाक्याचा ठोका होतो." आजोबांनी डबा हातात तोलला. "गिधाडं उडू नयेत म्हणून केला होता. आज आपल्यासाठी."

"ब्रेकशिवाय दोर फेकायला मला मनाई आहे," खेकडा म्हणाला. "माझं वजन चाळीस किलो. सायलेन्सरने धक्का पुरेसा कमी होत नाही. मी मागे उलथेन आणि दोर आभाळात जाईल."

ब्रेक लावला तर माशा, सायलेन्सर लावला तर धक्का. मंजू पुन्हा फेऱ्या घालू लागली. होडी. उडी. मागच्या पावसाळ्यात तळ्यावर तिने लहान होडीतून उडी मारली होती तेव्हा होडी वल्ह्याभर मागे गेली होती. मोठ्या नावेतून मारली तेव्हा नाव हललीही नव्हती.

"खेकड्या, तू शंभर किलोचा असतास तर?"

खेकड्याने हिशेब केला. "तर मनाई लागू नाही."

मग दोघांनी दगड आणले. आजोबा मोठे, मंजू पोटाशी धरून छोटे. खेकड्याच्या पाठीवरच्या जाळीत ते रचले. मागचे चारही पाय अंजनाच्या जाड बुंध्याला बांधले. आजोबांनी सायलेन्सर फिरवून बसवला, पण त्याआधी तो उन्हाकडे धरून आरपार बघितला. मग मंजूच्या हातात दिला. "तूही बघ."

आत स्वच्छ गोल उजेड होता. माती नव्हती.

"टोपण जड आहे. नळी खाली झुकतेय," खेकडा म्हणाला. "कोन सुधारतो. एकशे तीन किलो. फार भरल्यासारखं वाटतंय."

"आणि वाऱ्याचं गणित?" मंजूने विचारलं.

"धरलंय. दोन पावलं."

पलीकडे उन्हाची कड आईच्या पायाला लागली होती. आजोबा आणि मंजू मागच्या खडकाआड गेले आणि कान झाकले. शेवटचं काडतूस.

ठक्क.

जड दरवाजा आपटावा तसा आवाज झाला. खेकडा बोटभर मागे सरकला आणि दोर ताणले गेले. मंजूने डोकं वर काढलं. डावीकडे गवत उभं, उजवीकडेही उभं. बारीक पांढरा दोर घळीवर कमान करून चालला होता, वाऱ्याने किंचित डावीकडे कलत. मग तो दिसेनासा झाला.

वायरलेस गप्प होता. एक, दोन, तीन, मंजू मोजत राहिली. नऊपर्यंत आली.

"मांडीवर पडलाय," आई म्हणाली. "माशा शांत आहेत. आधी पाणी पाठवा."

आईने जाड दोर ओढून घेतला आणि कॅमेऱ्यासाठी खडकात ठोकलेल्या कडीला बांधला. पहिली झोळी पाणी घेऊन गेली. दुसऱ्या झोळीतून, डोळे घट्ट मिटून, आई आली. ती खाली टेकली तेव्हा आजोबांनी तिचा घोटा बघायच्या आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

पुढच्या शनिवारी मंजू शेडमध्ये गेली. दारामागच्या तपासणीच्या पाटीवर 'नळी आतून पुसली' असं लिहिलेलं होतं. तिने खाली लिहिलं: 'सगळी भोकं उजेडाकडे धरून बघितली, दोघांनी.' ब्रेकची भोकं झाकायला तिने जाळीची टोपी शिवली आणि बाहेरच्या भिंतीवर पोकळ बांबूचे चार तुकडे बांधले.

"हे कशाला?" खेकड्याने विचारलं.

"कुंभारणीला. तिलाही घर पाहिजे ना."

मग ती आजोबांच्या लेथशेजारी बसली आणि वहीत एक टोपण काढू लागली. त्यात खोल्या होत्या आणि बाजूला वळणारी छिद्रंही. धक्का आणि आवाज, दोन्ही एकदम कमी करणारं.

आजोबांनी चष्मा वर केला. "जड होईल."

"मग हलकं कसं करायचं ते शोधू," मंजू म्हणाली आणि तिने खोडरबर मागितला.

बाहेर बांबूच्या पहिल्या तुकड्यापाशी एक माशी घिरट्या घालत होती. तिच्या तोंडात ओल्या मातीचा थेंब होता.