पिवळ्या छत्रीची तुटकी काडी

दिवे गेलेत तर जाऊ देत, येतील. तो कंदील मध्ये ठेव. आणि तू गं, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलीस ती, जवळ सरक हवं तर. आत्तापासूनच दचकायला लागलीस तर उद्या किल्ल्यात काय करशील?

उद्यापासून तुम्ही तिघं रात्रीची फेरी नेणार. तिकीट कचेरीने नियम सांगितलेच असतील. जाताना गाईड पुढे, येताना मागे. माणसं मोजून आत न्यायची, मोजून बाहेर आणायची. येताना मागे का, ते मात्र कुणी सांगितलं नसेल. मी सांगतो. तीस वर्षं त्या दीपगृहावर नोकरी केली मी. वरून बरंच दिसतं. जे वरून दिसलं नाही, ते ज्याच्यावर गुदरलं त्याने माझ्यासमोर बसून सांगितलंय, चहा थंड होईपर्यंत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना, अमावास्या, वार गुरुवार. संध्याकाळी साडेपाचला आपला गाईड इथे कचेरीत कंदील न्यायला आला. हेच, बॅटरीचे. अकरा पाहुण्यांचे आणि एक स्वतःचा. गाव त्याला धाकटा म्हणायचं. चाळिशी उलटली तरी धाकटाच, कारण त्याचा थोरला भाऊही गाईड होता आणि गावाच्या डोक्यात गाईड म्हणजे थोरला.

थोरला आदल्या वर्षी काविळीने गेला. माणूस असा की दगडाकडे बोट दाखवलं तरी लोक तोंड उघडून दगड बघत बसायचे. हातात पिवळी छत्री. अंधार पडला की छत्रीच्या आत कंदील टांगायचा. मग ती छत्री उजळायची आणि सगळा घोळका तिच्या मागे निघायचा, कोंबडीमागे पिल्लं निघावीत तसा.

थोरला गेला, फेरी धाकट्याकडे आली. त्याने मोठी लाल छत्री घेतली, नवी कोरी, मिटून बांधायला लाल पट्टी, पट्टीला चापाचं बटण. कंदील टांगायची युक्ती तेवढी भावाचीच उचलली. पिवळी छत्री घरी दारामागच्या खुंटीवर राहिली. तिची एक काडी तुटून लोंबत होती. आई दर दोन दिवसांनी म्हणायची, "अरे, बाजारात जातोयस तर दादाची छत्री नीट करून आण."

"कुणासाठी?" हा विचारायचा.

आई चुलीकडे वळायची. पण छत्री खुंटीवरून काढायची नाही. हा रोज रात्री घरात शिरला की पहिली ती दिसायची.

तर त्या गुरुवारी तिकीटवाल्या काकांनी त्याच्या पुढ्यात चिठ्ठी सरकवली. अकरा जण येणार होते, निवृत्त मंडळी, त्याच्याही दोन वर्षं आधी, थोरल्याच्या काळात येऊन गेलेली. चिठ्ठीत खाली अधोरेखित केलेलं: 'पिवळ्या छत्रीवालेच गाईड हवेत.'

"आता तूच सांग बाबा त्यांना," काका म्हणाले. "मला नाही जमायचं."

मंडळी आली. पुढे एक शाळेतल्या बाई, चष्मा गळ्यात, आवाज वर्गातला. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "ते कुठे आहेत?"

धाकटा म्हणाला, "ते आता नसतात इथे."

एवढंच. भाऊ गेला, हे सांगितलं नाही. का, ते त्यानेच मला सांगितलं. म्हणाला, "काका, सांगितलं असतं तर त्यांनी तासभर हळहळ केली असती. फेरी माझी, आणि हळहळ त्याची. नाही सोसवलं."

"बदली झाली वाटतं," बाई म्हणाल्या. याने कंदील वाटायला घेतले.

निघाली फेरी. आधी दोरखंड वळायची गल्ली. तिथले दगडी ओटे, त्यांवर दोरांनी पडलेल्या खाचा, त्यांत बोट घालून बघायचं. मग जुनं जकातघर. मग धक्क्यावरची तोफ. तोफेपाशी थोरला एक विनोद करायचा: ही तोफ आयुष्यात एकदाच उडाली, आणि तेव्हा तिने आपल्याच जकातघराचं छप्पर उडवलं. धाकट्यानेही तोच केला.

मंडळी हसली. पण कशी? फोटो काढताना हसतात तशी.

बाई शेजारणीला म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं तेव्हा तुझी कवळी निघाली होती, आठवतं?"

मागून एक आजोबा म्हणाले, "आणि ती छत्री. पिवळ्या उजेडात माणसं कशी बरी दिसायची. या लाल उजेडात आपण सगळे तापाने फणफणल्यासारखे दिसतोय."

यावर मात्र सगळे पोट धरून हसले.

धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंडावर हसू ठेवून पुढे चालत राहिला. त्याच्याकडे एक हुकमाचं पान होतं.

आता किल्ल्याकडे जायची दगडी वाट तुम्ही पाहिलीच आहे. ओहोटीला कोरडी, भरतीला पाण्याखाली. अमावास्येची भरती, तिला दम धरवत नाही, झपाट्याने चढते. त्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी वाट बुडणार, असं या समोरच्या फळ्यावर लिहिलेलं होतं. थोरला साडेआठला किल्ल्याच्या दारात उभा राहून माथी मोजायला लागायचा. साडेआठ म्हणजे साडेआठ. साडेआठनंतर गोल बुरुजात तर तो कुणाला पायही ठेवू द्यायचा नाही.

धाकट्याने अकरा जणांना गोल बुरुजात नेलं तेव्हा वाजले होते आठ चाळीस.

बुरुजातली ती गोल खोली. मधोमध जाडजूड खांब. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की खांबापलीकडच्या माणसाला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. मधे खांब, त्यामुळे बोलणारा दिसत नाही. धाकट्याने सहा महिने खपून इथे सांगायची एक गोष्ट बसवली होती, दोरखंडवाल्याच्या मुलीची. थोरल्याला ठाऊक नसलेली. स्वतःची. ही ऐकली की बघू पिवळी छत्री कोण आठवतो, असा त्याचा हिशेब.

मंडळींना त्याने पलीकडच्या भिंतीशी उभं केलं. आपण अलीकडे आला. छत्री पायाशी ठेवली. भिंतीला तोंड लावलं आणि सुरुवात केली.

चार वाक्यं झाली असतील.

भिंतीतून आवाज आला. "वेळ झाली."

त्याला वाटलं, आजोबा. म्हणाला, "पाचच मिनिटं, काका."

"झाली म्हटलं ना."

... 'म्हटलं ना.' लहानपणी हा वाळूत खेळत असायचा, दिवेलागण झाली की भाऊ बोलवायला यायचा. हा ऐकायचा नाही. मग भाऊ असंच म्हणायचा. याच आवाजात.

पोरांनो, तुम्ही असता तर पळाला असता. मीही पळालो असतो. धाकटा पळाला नाही. मला नंतर म्हणाला, "काका, खरं सांगतो, भीती नंतर आली. आधी राग आला."

भिंतीला ओठ टेकवून तो पुटपुटला, "मेल्यावरही?"

मग जरा जोरात,

"मेल्यावरही माझ्याच घोळक्यात?"

बाहेर पाणी दगडाला लागल्याचा आवाज... मग, अगदी कानाशी.

"अकरा आहेत."

"मोजलेत मी."

"मी पुढे होतो. तू मागून ये. शेवटचा."

याच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. म्हणाला, "जा. ने. आईला घेतलंस, गावाला घेतलंस, यांनाही ने."

आणि हाताची घडी घालून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रुसलेलं पोर उभं राहतं तसा. चाळिशी उलटलेला माणूस.

मागे पावलं वाजली. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, तोंड भरून, पोटातून. चष्म्याची साखळी वाजली. पावलं दाराकडे गेली... पायऱ्यांवर गेली... बारीक झाली.

त्याने मोजली नाहीत. फेरी हाती आल्यापासून पहिल्यांदा.

मग पायाशी ठेवलेली छत्री उचलली.

खांबाला वळसा घालून तो पलीकडे गेला. कुणी नव्हतं.

धावत किल्ल्याच्या दाराशी आला. वाट अर्धी बुडालेली. लांब, पार धक्क्याजवळ, एक पिवळा उजेड. त्याच्यामागे कंदिलांची रांग. तो पायरी उतरला. घोट्याला पाणी. दुसरी उतरला. गुडघ्याला. पाण्याने पाय ओढला तसा मागे फिरला. दहा मिनिटांपूर्वी निघाला असता, रांगेत शेवटचा, तर कोरड्या पायांनी पोचला असता.

मी तेव्हा दीपगृहाच्या सज्जात होतो. मला काय दिसलं ते सांगतो. अकरा कंदील येताना दिसले. मोजले मी. त्यांच्यापुढे पिवळा उजेड वगैरे मला दिसला नाही. त्यांच्यापुढे एक अंधाराचा तुकडा चालत होता. बाकीच्या अंधाराहून जरा दाट. मला वाटलं, धाकट्याच्या कंदिलाची बॅटरी संपली.

नऊ चाळीसला त्याचा फोन वाजला. तिकीटवाले काका.

"अरे, अकरा कंदील जमा झाले. तुझा कुठाय? आणि तू कुठायस?"

"किल्ल्यात."

"किल्ल्यात कसा? तूच तर पुढे होतास. बाई काय खूश आहेत म्हणून सांगू. म्हणतात, आमच्यासाठी शेवटी पिवळी छत्री काढलीच यांनी. फक्त येताना एक शब्द बोलले नाहीत."

"काका..."

"काय?"

"काही नाही. पाणी उतरलं की येतो."

ती रात्र त्याने बुरुजात काढली. लाल छत्री उशाला घेऊन. कंदील बाराच्या सुमारास विझला. अंधारात तो एकदा भिंतीशी गेला. भिंतीला तोंड लावून म्हणाला, "दादा."

उत्तर आलं नाही. मग भीती वाटली. म्हणजे ज्याचा आवाज ऐकून भीती वाटली नाही, त्याचा आवाज येईना म्हणून वाटली.

साडेचारला वाट उघडी पडली. पाचला तो घरी पोचला. दार नुसतं लोटलेलं. आई उठून चहाचं आधण ठेवत होती. पाठमोरीच.

"एवढ्या पहाटे परत कुठे गेला होतास?"

"परत?"

"रात्री आलास, न जेवता गेलास. उंबऱ्यापासून खुंटीपर्यंत सगळं पाणी. पुसलं मी." हे बोलताना तिचा आवाज मऊ होता. याच्याशी इतक्या मऊ आवाजात ती वर्षभरात बोलली नव्हती. "पण मी रागावले नाही हो. शेवटी नीट करून आणलीस म्हणायची."

त्याने दारामागे पाहिलं.

पिवळी छत्री. ओली. टोकातून अजून थेंब पडत होते. आणि तुटकी काडी लोंबत नव्हती. कशाने तरी करकचून बांधली होती. दोन वेढे, वर गाठ, वाळूत खेळणाऱ्या धाकट्याच्या चपलेला थोरला बांधायचा तशी.

तो जवळ गेला. लाल कापडाची पट्टी होती. पट्टीला चापाचं बटण.

मग त्याने हातातली छत्री वर धरली. रात्रभर उशाला होती, डोक्याखाली. ती मिटून बांधायला गेला...

पट्टी नव्हती. शिवणीपाशी चार धागे तेवढे उरले होते.