तीन पावलं मागे

“केतकी, बाळा... केतकी, बाळा... केतकी, बाळा...”

चंद्रावरच्या वसाहतीत, आबांच्या खोलीत, आईचा आवाज सकाळपासून एवढंच म्हणत होता. केतकीची आई खडकांचे नमुने आणायला गुहेत गेली ती परतलीच नाही. तिच्यासोबतचा यंत्रमानव तेवढा सापडला. त्याच्या स्मृतीत आईचा निरोप शाबूत होता, पण प्रोसेसर (आज्ञा वाचून पाळणारा भाग) जळून गेला होता. तसा प्रोसेसर आता कुठे बनत नाही. म्हणून आबांनी, म्हणजे आईच्या बाबांनी, रात्रीचा दिवस करून एम्युलेटर (त्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहिला. आणि मेला तो प्रोग्रॅम निरोपाच्या पहिल्याच तुकड्यावर अडून बसला.

“आबा, आई पुढचं का नाही बोलत?”

आबांनी पडद्यावर चार ओळी दाखवल्या. पहिली: मोजणी शून्यावर आण. दुसरी: मोजणीप्रमाणे निरोपाचा तुकडा वाजव. तिसरी: मोजणी एकने वाढव. चौथी: तुकडे उरले असतील तर तीन पावलं मागे जा.

“या चौथीला जंप म्हणतात. उडीची आज्ञा.”

केतकीने चौथीवर बोट ठेवलं आणि मागे मोजलं. तिसरी, दुसरी, पहिली. “पण मग मोजणी परत शून्य होणार. आई परत पहिल्यापासून सुरू करणार.”

आबांनी कपाळाला हात लावला. “चुकलो गं. खरा प्रोसेसर ओळ वाचली की आधी पुढच्या ओळीवर सरकतो, मग सांगितलेलं करतो. म्हणजे पाचवीपासून मागे मोजायचं. चौथी, तिसरी, दुसरी. मी चौथीपासूनच मोजत बसलो.”

यंत्राचा काहीच दोष नव्हता. ते बापडं सांगितलं तेवढंच करत होतं.

दुरुस्ती एका ओळीची होती, तरी आबांचे हात कळफलकावर तसेच राहिले. का, ते केतकीलाही कळत होतं. आत्ता आई हाक मारत होती, थांबतच नव्हती. उडी नीट बसली की निरोप पुढे जाणार, आणि संपणारही. तिला फार भीती वाटली.

“करा आबा,” ती शेवटी म्हणाली. “तिला पुढचं सांगायचं असेल.”

“केतकी, बाळा, मला आज उशीर होईल. जेवायला थांबू नकोस. आबांनाही वाढ, ते कामात विसरतात.”

मग काहीच नाही. केतकी आबांच्या कुशीत शिरून पोटभर रडली. आबाही रडले.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “गोदामात असे जळालेले आणखी यंत्रमानव पडलेत. त्यांच्यातही कुणाकुणाचे निरोप असतील. आता ते ऐकता येतील.”

“उद्या काढू या,” केतकी म्हणाली, आणि डोळे पुसून तिने दोन ताटं वाढायला घेतली.