टाकीमागच्या मावशी

लाइट काही आता लवकर येत नाही. मेणबत्ती जरा लांब ठेव, डोळ्यांवर येते. हां, बस्स.

तू मघाशी काय म्हणत होतास? बायकोची रजा संपत आली आणि पोराला ठेवायला जागा नाही? मिळेल रे. परवाना मात्र बघून घे. आणि परवाना बघून झाला की आजूबाजूच्या चार जणांना विचारही. का म्हणतोय ते ऐक. तुम्ही दोघंही ऐका, तुमचीही लग्नं व्हायचीत अजून.

मी तेव्हा हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवत होतो. बदली होऊन एक नर्स आली आमच्याकडे. वॉर्डात आधीच एक थोरली नर्स होती, म्हणून हिला सगळे धाकली म्हणायला लागले. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने तोंड दिसायचं नाही. कडेवर अडीच वर्षांची पोरगी. पिटू म्हणायची तिला. आल्या दिवसापासून धाकलीचा एकच घोर, ड्युटीच्या वेळी पिटूला ठेवायचं कुठे?

गाव म्हणण्याइतकं लहान नाही आणि शहर म्हणण्याइतकं मोठं नाही, असं हे ठिकाण. परवाना असलेलं पाळणाघर एकच, बेकरीच्या वरच्या मजल्यावर. तिथली बाई म्हणाली, "नाव लावून जा, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षापर्यंत पोरगी शाळेत जाईल की! दुसरं एक होतं गॅरेजशेजारी. परवाना कसला न् काय. एका खोलीत पोरं कोंबलेली, टीव्ही मोठ्यांदा लावलेला, आणि सांभाळणारी बाई फोनवर. एक पोर कोपऱ्यात बसून चपलेचा पट्टा चघळत होतं. धाकली उंबऱ्यावरूनच माघारी फिरली.

परत येताना तिनं पाण्याच्या टाकीमागची जवळची वाट धरली. तिथे तिला पाटी दिसली. 'परवानाधारक पाळणाघर'. स्वच्छ अंगण, दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत घातलेले. दार एका बाईनं उघडलं. वय पन्नाशीच्या पुढे, जाडजूड मनगटं, हात ओले, पदर खोचलेला.

धाकलीनं आधी परवाना विचारला. बाईंना राग आला नाही. "विचारायलाच हवं," म्हणाल्या. "तो बघा भिंतीवर." काचेच्या चौकटीत शिक्क्यासकट परवाना. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं.

"बाकीची मुलं?"

"झोपलीत. हळू बोला."

मग बाईंनी आपला नियम सांगितला. "पोरगी न्यायला तुम्हीच यायचं. दुसरं कुणी आलं तर मी दार उघडत नाही. बाप आला तरी नाही."

धाकलीला हायसं वाटलं. परक्या गावात अशी खमकी बाई मिळणं म्हणजे नशीबच. दुसऱ्या दिवसापासून पिटू तिथे जायला लागली. पोरगी रमली. संध्याकाळी आईकडे यायला कुरकुरायची. वॉर्डात कुणी विचारलं तर धाकली सांगायची, "मावशींकडे ठेवते." सगळ्यांना वाटलं, हिची सख्खी मावशी असेल. मलाही तसंच वाटलं. जास्त चौकशी कोण करतंय?

आता त्या रात्रीचं सांगतो.

डिसेंबरची एकवीस तारीख. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. दुपारी घाटात बस उलटली. वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही, कुणाला घरी सोडलं नाही. अंधार पडून बराच वेळ झाला तेव्हा धाकली हात पुसत बाहेर आली. चेहरा पांढराफटक. "काका, मला टाकीमागे सोडता? पिटू तिथेच आहे. मावशींकडे फोन नाही."

"टाकीमागे? तिथे कोण राहतं?"

"मावशी. पाळणाघरवाल्या."

मी गाडी सुरू केली.

अरे, त्या बाईला मीच तर उचललं होतं! धाकली यायच्या पाच वर्षं आधी. खरंच पाळणाघर होतं तिथे, आणि चांगलं होतं. एक सेंट्रिंगवाला होता, बायकोला गुरासारखं मारायचा. बायको घर सोडून गेली आणि मुलाला मावशींकडे ठेवून कामाला जायला लागली. एका संध्याकाळी हा पहार घेऊन आला. मुलगा द्या म्हणाला. मावशींनी दार उघडलं नाही. त्यानं पुढचं दार फोडलं. मावशींनी सगळी मुलं आतल्या खोलीत घातली आणि दार ओढून घेतलं. त्या दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, नुसत्या दोन कड्या. त्या दोन्ही कड्यांतून त्यांनी आपला हात घातला. आडणा घालतात ना दाराला, तसा.

तो मारत राहिला. हातावर. मग डोक्यावर. हात निघाला नाही. मी पोचलो तेव्हा बाई गेलेली होती, पण अजून दाराला लटकलेली होती. हाताची हाडं चार ठिकाणी मोडलेली. कड्यांतून तो हात सोडवायला दोन माणसं लागली.

आतलं एकही पोर खरचटलंसुद्धा नव्हतं.

घर तेव्हापासून बंद.

हे सगळं मी धाकलीला कोणत्या तोंडानं सांगू? गाडी टाकीला वळसा घालून गेली आणि ती स्वतःच ओरडली. "काका, इथे रोज दिवा असतो!"

हेडलाइटमध्ये घर दिसलं. अंगणात कमरेएवढं गवत. पाटी एका खिळ्यावर लोंबत होती. दोरी नाही. कपडे नाहीत.

आणि दारात एक माणूस उभा.

हातात पहार.

तोच होता. चार दिवसांपूर्वी पॅरोलवर सुटलाय, एवढं मी ऐकलं होतं. गुत्त्यात बसून सांगत होता म्हणे, माझा पोरगा अजून त्या घरातच आहे, मला रात्री रडणं ऐकू येतं. लोक हसले होते. त्याचा पोरगा आईबरोबर कधीच दुसऱ्या गावाला गेला होता.

धाकली गाडी थांबायच्या आधीच उतरली. "पिटू!" अशी किंचाळली की अंगावर काटा आला. त्यानं वळून पाहिलं. मी मध्ये गेलो. पहार कुठून आली दिसलंसुद्धा नाही. गळ्याखालचं हाड कट्कन वाजलं आणि मी गवतात पडलो. हा बघ, खांदा अजून वाकडाच आहे. त्यानं धाकलीचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. ती खाली बसली. मग त्यानं दार फोडलं.

मला उठता येईना. पुढचं धाकलीनं सांगितलेलं. काही मी दारातून पाहिलेलं.

ती सरपटत आत गेली. डोळ्यांत रक्त. हेडलाइटचा उजेड आतल्या दारापर्यंत पोचत होता. जमिनीवर धुळीचा थर. भिंतीवर परवान्याची चौकट नाही.

आतल्या दाराला दोन कड्या. मधे काहीच नाही. हात लावला तरी उघडेल असं दार.

त्यानं ओढलं.

उघडेना.

लाथ मारली. पहार मारली. लाकूड हललंसुद्धा नाही. आतून एक लहान मूल रडायला लागलं. मग दुसरं. मग... खूप सारी. धाकलीला त्यात पिटूचा आवाज ओळखू आला.

त्यानं पहार टाकली. कडीत हात घातला, जोर लावून ओढायला.

आणि थांबला.

हात बाहेर काढू लागला. निघेना. दुसऱ्या हातानं ओढला. निघेना.

"सोड..." म्हणाला.

समोर कुणी नव्हतं.

मग आवाज आला. लोखंडाचा. हाडावर. पहार खाली पडलेली होती, धाकलीच्या पायाशी. तिनं डोळ्यांनी पाहिली. जागची हलली नाही. पण आवाज येत होता. आणि प्रत्येक आवाजाला... त्याचा हात नवीन ठिकाणी वाकत होता.

एक.

तो ओरडला. तसं ओरडणं मी जन्मात ऐकलं नाही, आणि मी अपघात कमी पाहिलेत का?

दोन.

तीन.

मध्येच बाईचा आवाज. अगदी हलका. धाकलीच्या कानाशी, माझ्याही कानाशी.

"हळू... मुलं झोपलीत."

रडणं थांबलं. सगळं एकदम.

चार.

मग डोक्यावर.

...

नाही, पाणी नको. सांगतो.

दार आपोआप उघडलं. आत धूळ, जाळी, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या. त्यातल्या एकीवर पिटू गाढ झोपलेली. धाकलीनं तिला उचललं ती छातीशी अशी आवळली की वॉर्डात टाके घालतानासुद्धा खाली ठेवली नाही. डोक्याला मोठी जखम होती तिच्या. बरी झाली. महिन्याभरात बदली मागून सासूकडे निघून गेली. जाताना मला म्हणाली, "काका, त्या घराला कुणाला आग लावू देऊ नका." पिटू आता कॉलेजात आहे म्हणे.

तो? पोलिसांनी येऊन गाडीत घालेपर्यंत संपला होता. हात चार ठिकाणी मोडलेला. पोलिस म्हणाले, दारूच्या नशेत छताचा वासा अंगावर पाडून घेतला. छताचे वासे सगळे जागेवर होते. मी मोजले नाहीत, पण वर बघितलं होतं.

प्रेत त्या रात्री पोस्टमॉर्टेमच्या खोलीत ठेवलं. स्टीलच्या टेबलावर, तसंच, उघडं. गर्दी इतकी की चादर मिळाली नव्हती. कुलूप लावून किल्ली वॉचमननं कमरेला अडकवली. सकाळी डॉक्टर आले. मी खांद्याला पट्टा बांधून तिथेच बाकावर होतो. वॉचमननं कुलूप काढलं. डॉक्टर आत गेले आणि दारातच उभे राहिले. मग हातानं मला बोलावलं.

त्याच्या अंगावर दुपटं होतं. तान्ह्या मुलाचं असतं ना, मऊ, धुवून धुवून विरलेलं. गळ्यापासून छातीपर्यंतच पुरत होतं. दोन्ही बाजूंनी अंगाखाली नीट खोचलेलं.

मोडका हात तेवढा बाहेर काढून ठेवला होता... दबू नये म्हणून.