दिव्याचा शेवटचा स्पंद

आई चंद्राआड गेली की खिडकीतला दिवा विझायला हवा. कधी तो विझे. कधी मात्र मंद तेवता तेवता एकदम झगझगीत होई आणि तसाच राही. असे का, हे केतकीला उमगत नव्हते.

तिची आई चंद्राभोवती फिरणाऱ्या यानात होती. यान पृथ्वीच्या बाजूला आले की त्याचा संदेश पोचे, केतकीने बनवलेला दिवा उजळे आणि आईशी बोलता येई. आजही उजेड दिसला म्हणून ती ताटावरून उठून धावली. "आई!" म्हणाली. फोनमध्ये नुसती खरखर.

"खोटारडा आहे हा दिवा. काढून टाकते मी."

आजोबांचा जन्म उपकरणे जुळवण्यात गेला होता. काढ हो, म्हणाले, पण आधी सांग, तो मंद कसा होतो? हे केतकीला येत होते. दिव्यातला मायक्रोकंट्रोलर (नखाएवढा संगणक) सेकंदाला शेकडो वेळा वीज चालू-बंद करतो. चालू असण्याचा एकेक तुकडा म्हणजे स्पंद. स्पंद आखूड असले की डोळ्यांना उजेड मंद वाटतो, लांब असले की प्रखर.

"आणि तो विझवतेस कसा?"

संदेश तुटला की स्पंद मोजणारे घड्याळ बंद करते, असे तिने सांगितले.

"स्पंदाच्या मध्येच?"

केतकीच्या लक्षात आले. वीज चालू असतानाच घड्याळ थांबले, तर ती बंद कोण करणार?

"तुझी आई घरातून निघताना काय म्हणते गं?"

"येते."

"यानावर जायला निघाली त्या दिवशी गाडी खोळंबली होती, तरी उंबरठ्यावरून वळून म्हणाली. मगच गेली. दिव्यालाही तेवढं म्हणू दे."

केतकीने आज्ञा बदलल्या. संदेश तुटला, तरी सुरू असलेले आवर्तन (एकदा चालू, एकदा बंद असा फेरा) पुरे होऊ द्यायचे. मग घड्याळ थांबवून वीज बंदच धरून ठेवायची. सुरुवातीलाही आधी स्पंदाची लांबी ठरवायची, मोजणी शून्यावर आणायची, मगच वीज सोडायची. म्हणजे दिवा दचकून भडकणार नाही.

यान फिरून आले. दिवा हळुवार उजळला. आई पुष्कळ बोलली, तरी केतकीला ते थोडेच वाटले.

"येते हं, केतू."

दिवा शांतपणे विझला. केतकी काळ्या खिडकीपाशीच बसून राहिली. हा काळोख खरा होता. म्हणजे यापुढचा उजेडही खराच असणार.