कोरिनला वर आणायचा नकाशा

जग खरं असो की कुणाच्या डोक्यातलं, त्याचा नकाशा मी काढला की तो जुळतो. आमच्या डुलुथ गावात कुणालाही विचारा, आर्डिस नायगार्ड म्हणजे मी. कादंबऱ्यांतली राज्यं, नसलेल्या नद्या, कधीच न बांधलेले किल्ले काढून मी पोट भरत आले. रविवारी दुपारी लिलँड हाउगेनच्या तळघरात तेच काम फुकटात, खेळापायी. तो रविवारही नेहमीसारखाच सुरू झाला. बाहेर बर्फ, आत कॉफी आणि माझ्यापुढे चौकड्यांचा कागद.

खेळ तोंडी गोष्टीचा, प्रत्येकाचं एक पात्र आणि ती पात्रं जमिनीखालच्या भुयारांतून वाट काढणार. लिलँड खेळवणारा. त्याचा नकाशा पुठ्ठ्याच्या आडोशामागे, आम्ही बघायचा नाही. समोर बोळ आहे, उजवीकडे दार आहे, असं तो तोंडानं सांगणार. आमचा जुना मित्र ड्वेन आणि मी आपापली पात्रं पुढे नेणार, आणि ऐकत ऐकत मी कागदावर वाट काढणार.

लिलँडची बायको कोरिनही आमच्यात होती. तिचं पात्र दिवा धरून चालायचं. वसंतात ती वारली तेव्हा खेळ अर्धाच होता. गेलेल्या माणसाचं पात्र आमच्या खेळात मारत नाहीत, जिथं होतं तिथंच ते बसून राहतं. कोरिनची दिवेवाली सगळ्यात खालच्या खोलीत बसली होती.

"घर विकलं मी," लिलँड म्हणाला. "मारिट बोलावतेय ॲरिझोनाला. पण कोरिनला खाली बसवून मी जायचो नाही. आज तिला वर आणायचं."

"आणि नाही जमलं तर?" ड्वेन म्हणाला. "नव्या मालकाला पोटभाडेकरू म्हणून देणार का तिला?"

"तर सौदा मोडीन. इथंच मरेन."

लेकीकडे न जाता हा माणूस या थंडीत एकटा संपला असता, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"आणू की," मी म्हटलं. "त्यात काय अवघड आहे?"

खाली जायला वेळ लागला नाही. आमच्याकडे शिस्त अशी, की दार ओलांडलं की शेवटच्यानं "लावलं" म्हणायचं, आणि मी त्या दारावर आडवी रेघ मारायची. रेघ नाही ते दार उघडं. ड्वेन प्रत्येक दाराशी "लावलं" म्हणत होता, मी रेघा मारत होते. मग ती खोली आली.

"दिवा चालू आहे," लिलँड म्हणाला. "तिनं मान वर केली..."

"चल कोरिन, ऊठ," ड्वेन म्हणाला. हा माणूस आयुष्यात कधी इतका हळू बोलला नसेल.

"आलात ती वाट ढासळली," लिलँड म्हणाला. आल्या वाटेनं तो कधीच परत जाऊ देत नाही. "आता दुसरी शोधा."

मी कागदावर वाकले. आवाज येत होता, दबका, सावकाश. डावीकडे बोळ... भिंतींना ओल... आता पायऱ्या, वर जाणाऱ्या... लिलँडचा कंठ दाटलाय असं वाटून मी वर बघितलं नाही. कागद संपला, दुसरा चिकटवला. ओल्या मातीचा वास येत होता. पायऱ्या संपल्यावर एक खोली. भिंतीशी कपडे धुण्याचं मशीन. मधोमध टेबल, टेबलाशी तीन माणसं...

"लिलँड, हे तुझंच तळघर झालं," मी म्हटलं. "नवीन काही सुचायचं बंद झालं का रे?"

मी मान वर केली. दोघं माझ्याकडे बघत होते.

"आर्डिस..." ड्वेन म्हणाला. "वाट ढासळल्यापासून तो एक शब्द बोललेला नाही."

"मग सांगत कोण होतं?"

तेवढ्यात डोक्यावर स्वयंपाकघराची जमीन करकरली. सपाता घातलेली पावलं. डावं पाऊल जरा ओढत. फळीवरचा कप निघाला, बशीवर टेकला.

"ऑपरेशननंतर ती अशीच चालायची," लिलँड म्हणाला, आणि धडपडत वर गेला.

आम्ही मागून गेलो तेव्हा तो स्वयंपाकघरात एकटाच बसला होता. पुढ्यात भरलेला कप आणि टेबलावर पसरलेला हात, कुणीतरी हातात घेतल्यासारखा. गालांवरून पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. मला भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण आनंद त्याहून मोठा होता. मी ड्वेनला म्हटलं, "बघ, माझ्या नकाशानं कोरिनला वर आणलं."

पुढच्याच आठवड्यात लिलँड निघाला. गाडीचं पलीकडचं दार त्यानं आधी उघडलं, जरा थांबला, मग हलकेच लावलं आणि स्वतः बसला.

पूर्ण झालेला नकाशा मी शाईनं गिरवून ठेवते. काही आठवड्यांनी हाही गिरवायला घेतला, आणि तळाच्या खोलीतून वर निघायचं दार बिनरेघेचं दिसलं. कोरिन उठली त्या आनंदात "लावलं" म्हणायला शेवटी कुणी उभंच राहिलं नव्हतं. असं अर्धवट काम मला खपत नाही. मी शाईनं ठसठशीत रेघ मारली आणि निवांत झोपले.

दोन दिवसांनी मारिटचा फोन आला.

"पप्पा मजेत आहेत, मावशी. जेवतात, झोपतात, मम्मीशी गप्पा मारतात. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. मग मलाही ऐकू यायला लागली, तिची ती चाल... बरं वाटतं गं."

"मग रडतेस कशाला?"

"तिच्यामागून आणखी कुणीतरी चालतं. पप्पा त्याबद्दल बोलतच नाहीत. आधी ते यायचं आणि थोड्या वेळानं परत जायचं, खाली कुठंतरी. आमच्या घराला तळघर नाही, मावशी. परवापासून मात्र ते परत जातच नाही."

परवाच मी ती रेघ मारली होती, त्याचं परतीचं दार मीच लावलं होतं. नकाशा माझ्यापुढेच होता. मी नखानं रेघ खरवडायला लागले. शाई कागदात पार मुरली होती.

"मावशी, ऐकतेस ना?" मारिट आता कुजबुजत होती. "मम्मी थांबली... ते थांबलेलं नाही."